खाकी कव्हरातलं बदक

लहान मुलांना घरच्या घरी वाचनाची गोडी कशी लावावी, या विषयावर हल्ली मला बोलायला बोलावतात. गेल्या महिन्यात मुलीच्या बालवाडीत बोललो. पुढच्या आठवड्यात आमच्या कार्यालयाच्या कर्मचारी संघात बोलणार आहे. परवा तर जिन्यात एका अनोळखी बाईंनी मला अडवून विचारलं, "आमचा मुलगा पुस्तकं खातो, काय करू?" मी चेहरा गंभीर करून "वय काय?" म्हणालो. तज्ज्ञाने आधी वय विचारायचं असतं. उत्तर येत नसलं तरी तेवढ्यात विचार करायला सवड मिळते.

हे तज्ज्ञपण मी आपलं आपण लावून घेतलेलं नाही. माझ्याकडे चौकटीत बसवलेलं प्रशस्तिपत्र आहे. 'वाचणारं घर : प्रथम क्रमांक' असं त्यावर सोनेरी अक्षरांत छापलंय. ते आम्ही बाहेरच्या खोलीत सोफ्याच्या वर लावलं आहे. त्याच सोफ्यावर माझी साडेतीन वर्षांची मुलगी रोज संध्याकाळी पुस्तक घेऊन माझ्या मांडीवर येऊन बसायची. आता ती बसत नाही. बाकी सगळं अगदी छान चाललं आहे.

मुलीला आम्ही टिंगी म्हणतो. टिंगीचं पुस्तक एकच होतं, आणि तेही कपडे धुण्याच्या पावडरच्या मोठ्या डब्यावर फुकट मिळालेलं. एक कोपरा तिने दात येताना चावून संपवला होता. गोष्ट अशी, की एका बदकाचा लाल बूट हरवतो. (बदकाला बूट लागतातच कशाला, हा प्रश्न मला पहिल्या दिवशीच पडला होता. टिंगीला तो कधीच पडला नाही.) बदक बूट तळ्यात शोधतं, गवतात शोधतं, मग चिखलात धप्पकन पडतं आणि शेवटच्या पानावर त्याला बूट सापडतो. त्या बुटात एक बेडूक झोपलेला असतो. संपली गोष्ट.

यातल्या 'धप्पकन पडलं' या ठिकाणी मला पडावं लागे. नुसतं म्हणून चालत नसे. टिंगी माझ्या छातीवर दोन्ही हात ठेवून "पड!" असा हुकूम सोडायची आणि मी सोफ्यावरून आडवा होत खालच्या चटईवर कोसळायचो. मग ती इतकी हसायची की तिला उचकी लागायची. उचकी थांबली की "परत!" तळं आणि गवत आम्ही एकेकदाच पार करत असू, पण चिखलात मात्र मी संध्याकाळभर पडलेला असे. ऑफिसातून यावं, पायातले मोजे काढावेत आणि चिखलात पडावं, असा माझा दिनक्रम होता. ती पुस्तक घेऊन दाराशीच उभी असायची. मोजे काढायलासुद्धा धीर धरायची नाही.

एके दिवशी असंच मी जमिनीवर उताणा पडलो होतो, टिंगी माझ्या पोटावर बसून उचक्या देत होती आणि उकडत होतं म्हणून बाहेरचं दार उघडं टाकलं होतं. वरच्या मजल्यावरचे निवृत्त मुख्याध्यापक जिना उतरत होते. ते उंबऱ्याशी थबकले.

"काय झालं? डॉक्टरांना फोन करू का?"

"नाही नाही सर," मी पडल्यापडल्या म्हणालो, "वाचतोय."

"काय करताय?"

"वाचतोय. हिला गोष्ट वाचून दाखवतोय."

"असं होय," ते म्हणाले. ज्या माणसाने सगळी हयात मुलांना ताठ बसवण्यात घालवली, त्याच्या तोंडचं ते 'असं होय' होतं. जाता जाता वळून त्यांनी विचारलं, "ते बदकच का अजून? मला वरती ऐकू येतं हो रोज. पुढे काही नाही का?" आणि काठी टेकत खाली गेले.

वाचणाऱ्यांना कळावं म्हणून सांगतो, मी काही रस्त्यावर पडलेला माणूस नाही. पाणीपुरवठा कार्यालयाच्या अभिलेख कक्षाचा मी प्रमुख आहे. माझ्या आजोबांच्या काळात घातलेल्या नळाचा नकाशा मागा, तुमचा चहा निवायच्या आत तो टेबलावर हजर करतो, आणि त्याची एक कड दुमडलेली दिसली तर माझं नाव बदला. याचं गुपित साधं आहे. आमच्या कक्षात कागदाला कुणाला हातच लावू देत नाहीत. असा माणूस मुलीच्या वाचनाच्या बाबतीत मात्र वर्षभर एका चावलेल्या बदकावर अडकून बसलाय, आणि वर जमिनीवर पडलाय, हे मुख्याध्यापकांनी पाहिलं होतं. मला ते फार लागलं.

बायकोला म्हटलं, "टिंगीच्या वाचनाचं काहीतरी बघायला हवं."

"काय बघायचंय? ती हसतेय ना?"

"हसणं वेगळं आणि वाचन वेगळं."

बायको रक्त तपासण्याच्या प्रयोगशाळेत काम करते. दिवसभर सुया टोचून आल्यावर तिला वाद घालायची हौस उरत नाही. "बघ बाबा," एवढंच ती म्हणाली. ही तिची परवानगी आहे असं मी धरून चाललो.

पुस्तकं कोणती घ्यावीत, हे मी फक्त एका माणसाला विचारलं आणि सल्ले सगळ्यांनी दिले. ऑफिसातला एक जण म्हणाला, या वयात चित्रं काळी-पांढरीच हवीत, रंगांनी मेंदू सुस्तावतो. दुसरा म्हणाला, सरळ थोर माणसांच्या चरित्रांना हात घाला, बदकं वाचून मुलं बदकंच होतात. मुख्याध्यापक म्हणाले, ठरलेली वेळ, ठरलेली जागा आणि ताठ पाठ, बाकी पुस्तक कोणतंही चालेल. समोरच्या वहिनींना मी विचारणार नव्हतो, कारण त्यांची मुलगी टिंगीच्याच वयाची आणि भलतीच हुशार. मजल्यावर सगळे तिला 'प्रोफेसर' म्हणतात. पण वहिनींना विचारावं लागत नाही.

"आम्ही काहीच करत नाही हो," त्या म्हणाल्या. "पुस्तकं घरभर टाकून दिलेली असतात. न्हाणीघरात असतात, पलंगाखाली असतात. परवा एक पिठाच्या डब्यात सापडलं."

मी त्यांच्या घरात डोकावलो. खरंच तसं होतं. एका पुस्तकाचं मुखपृष्ठ गायब, दुसऱ्यावर खडूने रेघोट्या, तिसरं प्रोफेसर डोक्यावर उपडं धरून छप्पर-छप्पर खेळत होती. मला त्या पुस्तकांची दया आली. काही लोकांना वस्तूंची किंमत नसते, हे मी घरी येऊन बायकोला सांगितलं.

मग मी दुकानात गेलो. दुकानदार जाणता दिसत होता.

"वय?" त्याने विचारलं.

"साडेतीन."

"बोध कुठला हवाय?"

"म्हणजे?"

"म्हणजे बघा, खोटं बोलू नये, ते या खणात. दात घासावेत, त्या खणात. मोठ्यांचं ऐकावं याला मागणी फार, वरचा अख्खा खण त्याचाच आहे."

"नुसती गोष्ट नाही का एखादी?"

"नुसती?" तो विचारात पडला. "नुसती नाही येत हल्ली. बोध नसला तर पालक परत आणून देतात."

बदकाचं काही असलं तर दाखवा, असं मी जरा भीत भीतच म्हटलं. बदक होतं. ते आईचं न ऐकता एकटंच रस्त्यावर जातं.

"आणि मग?"

"मग काय, जातं."

"कुठे?"

दुकानदाराने बोट वर केलं. ते बदक मी घेतलं नाही. पण दात घासणारा उंदीर घेतला, वेळेवर उठणारं अस्वल घेतलं, खाऊ वाटून खाणारा हत्ती घेतला, आणि अशा सद्गुणी जनावरांचं एक गाठोडं घेऊन घरी आलो. संध्याकाळी टिंगीला मांडीवर घेऊन उंदीर सुरू केला. ती गप्प ऐकत होती. मला वाटलं, लागली गोडी.

"बाबा, हा पडतो कधी?"

"कोण?"

"उंदीर."

"उंदीर पडत नाही बाळा. उंदीर दात घासतो."

"पण तू पड ना."

मी पडलो नाही. ती उतरली, गेली आणि बदक घेऊन आली. हत्तीच्या वेळी तेच झालं. अस्वलाच्या वेळी मी जरा आवाज चढवून "आधी हे पुरं होऊ दे" म्हणालो, तेव्हा तिने अस्वलाचं पान माझ्या हातातून ओढलं आणि ते टरकन फाटलं. सकाळी लवकर उठून सूर्याला हसणाऱ्या त्या अस्वलाचे बरोबर दोन भाग झाले. माझ्या नोकरीत आजवर एक कागद फाटलेला नाही, आणि माझ्या मांडीवर, माझ्या डोळ्यांदेखत, कोरं पुस्तक फाटलं! मी तिला रागावलो. फार नाही, पण रागावलो. तिने पहिल्यांदाच माझ्याकडे अनोळखी माणसाकडे बघावं तसं पाहिलं.

विकतची पुस्तकं फाडतेय, तर वाचनालयातून आणावीत, म्हणजे निदान दुसऱ्याची आहेत म्हणून जपेल, असा विचार करून मी तिला घेऊन वाचनालयात गेलो. बालविभागाचं मोठं कपाट होतं, त्याला काच आणि काचेला कुलूप. आत पुस्तकं इतकी सरळ उभी होती, की मला आमच्या अभिलेख कक्षाची आठवण झाली. ग्रंथपाल बाईंना म्हटलं, हिला सभासद करायचंय.

"हिला सही येते का?"

"साडेतीन वर्षांची आहे हो."

"सभासदाची सही लागते. नियम आहे."

"अंगठा चालेल?"

बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "अंगठा? वाचनालय आहे हे."

"मग माझ्या सभासदत्वावर द्या."

"तुमच्यावर मोठ्यांची पुस्तकं मिळतील. लहान मुलांची लहान सभासदालाच."

"आणि लहान सभासदाला सही आली पाहिजे."

"हो."

"म्हणजे सही येईपर्यंत मुलं मोठी होतात. मग या एवढ्या लहान मुलांची पुस्तकं नेतं तरी कोण?"

"कुणीच नेत नाही," बाई म्हणाल्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावर खराखुरा अभिमान उमटला. "म्हणून तर बघा कशी राहिलीत!"

टिंगी काचेला नाक लावून आतल्या एका पिवळ्या पुस्तकाकडे बघत होती. काचेवर नाकाचा ठसा उमटला म्हणून बाईंनी तो फडक्याने पुसला. दुसऱ्या कुणी या प्रसंगी वर्तमानपत्राला खरमरीत पत्र लिहिलं असतं. मी मात्र भारावून बाहेर पडलो. इतक्या वर्षांची पुस्तकं आणि एक ओरखडा नाही! माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. आमच्या घरी वाचन रुजत नव्हतं याचं कारण एवढंच, की आमच्याकडे व्यवस्था नव्हती.

त्या रविवारी सुतार आला. पुस्तकांचं छोटं कपाट भिंतीत बसवायचंय म्हटल्यावर त्याने विचारलं, "घरात लहान मूल आहे?" मी म्हटलं, आहे, तिच्यासाठीच तर करतोय. "मग उंचावर बसवू," तो म्हणाला. "काच आहे, उगाच हात बित लागायचा." मला ते पटलं. अशा रीतीने मुलीच्या पुस्तकांचं कपाट माझ्या डोक्याच्या वर गेलं. बायको कामावरून आली, मान वर करून बघत राहिली.

"आणि तिचा हात पोचायचा कसा?"

"पुस्तक हवं असेल तेव्हा ती मागेल. मी काढून देईन. मागून घ्यायची सवय लागेल."

"आतापर्यंत ती न मागता घेत होती."

हा मुद्दा मी नंतर विचारात घ्यायचं ठरवलं, कारण मला कव्हरं घालायची होती. कव्हर घालणं ही कला आहे, आणि ती मला येते. खाकी कागदाचा गठ्ठा आणला, टिंगीला शेजारी बसवलं, आणि उंदीर, अस्वल (चिकटवलेलं), हत्ती असं करत सगळ्या पुस्तकांना घट्ट, कडक, बिनसुरकुतीची कव्हरं घातली. प्रत्येकावर पांढरी चिठ्ठी लावली, तिच्यावर सुवाच्य अक्षरात नाव आणि खाली क्रमांक. बदकालाही घातलं. कपाटात सगळी ओळीने उभी केली तेव्हा माझा ऊर भरून आला. कुठलं पुस्तक कुठलं ते ओळखूसुद्धा येत नव्हतं, इतकी सारखी दिसत होती.

दुसऱ्या दिवशी ऑफिसातून आलो, तर टिंगी कपाटाखाली उभी.

"बदक दे."

"असं मागतात? कुठलं पुस्तक हवं, बोटाने दाखव."

मी तिला उचलून काचेसमोर धरलं. ती बघत राहिली. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तिची नजर फिरली. तिने एकावर बोट ठेवलं. काढून दिलं, तर आतून उंदीर निघाला. दुसऱ्यावर ठेवलं, तर हत्ती. मग तिचा ओठ थरथरला.

"बदक कुठे गेलं?"

"इथेच आहे. नाव लिहिलंय ना वर, नाव बघ की!"

हे वाक्य मी, एक पदवीधर माणूस, साडेतीन वर्षांच्या मुलीला बोललो. ती मोठमोठ्याने रडायला लागली. आतून बायको धावत आली. तिला सगळा प्रकार कळायला क्षणही लागला नाही. "अरे, ती चित्र बघून ओळखते," ती म्हणाली. "तू चित्रं झाकून टाकलीस." मी म्हटलं, चित्रांवर विसंबून राहिली तर अक्षरओळख कधी होणार? पण आवाज मलाच पटला नाही, म्हणून मी निमूटपणे बदक काढून दिलं. त्याचं ते चावलेलं टोक कव्हरातून बाहेर आलं होतं, आणि उघडताना दोन पानं सुटून खाली पडली.

आता जीर्ण कागदपत्राचं काय करायचं असतं, हे मला कुणी शिकवायला नको. दुसऱ्याच दिवशी बदक आमच्या कार्यालयातल्या बाइंडरकडे दिलं. "माझ्या मुलीचं आहे," म्हटलं, "जरा मनापासून करा." त्याने मनापासून केलं. निळं कापड, जाड पुठ्ठा, पाठीवर सोनेरी रेघ. आणि आमच्याकडे बांधायला येतं ते सगळं ज्या मापात बसवतात, त्याच मापात बसावं म्हणून, त्याने पुस्तक कटाईच्या यंत्राखाली घालून चारी बाजूंनी सरळ करून घेतलं. चावलेला कोपरा गेला. त्याच्याबरोबर पानांचा तळाचा भागही गेला. बदकाचे पाय तिथे होते.

मला हे घरी येईपर्यंत समजलं नाही. टिंगीने पुस्तक ओळखलंच नाही. मी उघडून दाखवलं, तेव्हा "बदक!" म्हणून ती झेपावली, आणि मग पानं उलटत गेली.

"बाबा, बूट कुठाय?"

"हरवलाय ना. म्हणून तर गोष्ट आहे."

"याच्या दुसऱ्या पायातला कुठाय?"

मी पाहिलं. एकाही पानावर एकही पाय नव्हता. बदक सगळीकडे पोटापर्यंतच होतं. टिंगीने घाईघाईने शेवटचं पान काढलं. तिथे बूट सापडायचा आणि त्यात बेडूक झोपलेला असायचा. आता नुसतं बेडकाचं टाळकं उरलं होतं.

"सापडला नाही," ती म्हणाली. ती रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं. मी म्हटलं, आपण समजू या सापडला, चल, बदक पडतं ते वाचू. पण बाइंडरने शिवण इतकी घट्ट घातली होती, की पुस्तक दोन्ही हातांनी ताणून धरल्याशिवाय उघडंच राहीना, आणि दोन्ही हातांत पुस्तक धरून माणसाला पडता येत नाही. मी तसा प्रयत्न केला, तर पुस्तक फटकन मिटून माझा अंगठा चेमटला. मला भयंकर वाईट वाटलं, अंगठ्याचं नव्हे. पण वाईट वाटून घेत बसलो असतो तर स्पर्धेची तयारी राहिली असती.

हो, स्पर्धेचं सांगायचं राहिलंच. बालवाडीने 'वाचणारं घर' अशी स्पर्धा जाहीर केली होती. परीक्षक घरोघरी येऊन पाहणी करणार होते. बालवाडीच्या बाई, पालकांचे प्रतिनिधी म्हणून एक दंतवैद्य, आणि अध्यक्ष म्हणून शिक्षणक्षेत्रातली जाणती व्यक्ती. ही जाणती व्यक्ती म्हणजे आमच्या वरच्या मजल्यावरचे मुख्याध्यापक. मी जमिनीवर पडलेला असताना त्यांनी मला पाहिलं होतं, ते पुसून टाकायची ही संधी मी सोडणं शक्य नव्हतं.

मी नियम केले. वाचनाआधी हात धुवायचे. सरळ बसायचं. पान ओढायचं नाही. मध्ये बोलायचं नाही. पुस्तक खाली ठेवायचं नाही. वाचून झालं की जागेवर. रोज संध्याकाळी मी टिंगीला खुर्चीवर बसवून आधी नियम म्हणून घ्यायचो आणि मग उंदीर वाचायचो. तिला नियम लवकर पाठ झाले. पुस्तक मात्र ती मागेनाशी झाली. मी ऑफिसातून यायचो तेव्हा ती दाराशी नसायची. आतल्या खोलीत कपड्यांच्या चिमट्यांची रांग लावत बसलेली असायची. मी मोजे काढायचो, अगदी सावकाश काढायचो, तरी कुणी यायचं नाही.

"महिना झाला, तिने एका पुस्तकाला हात लावलेला नाही," बायको म्हणाली.

"म्हणूनच तर बघ कशी..." एवढं बोलून मी थांबलो. पुढचे शब्द ग्रंथपाल बाईंचे होते.

तुम्ही म्हणाल, तिथेच सगळं थांबवायचं. कपाट खाली आणायचं, कव्हरं फाडायची. मलाही तसं वाटलं होतं. पण परीक्षक शनिवारी येणार होते. म्हटलं, शनिवार जाऊ दे.

शनिवारी ते आधी समोर गेले. दार उघडंच असल्यामुळे आम्हाला सगळं दिसत आणि ऐकू येत होतं. प्रोफेसरने दंतवैद्यांना हाताला धरून पलंगाखाली नेलं आणि तिथली पुस्तकं दाखवली. त्यांनी एका पुस्तकावरचे दातांचे व्रण फार बारकाईने पाहिले, वरचे सुळे जरा पुढे येताहेत असं वहिनींना सांगितलं, आणि मग तिघंही कपडे झटकत आमच्याकडे आले.

आमच्याकडे बघून त्यांचे चेहरे खुलले. काच लख्ख होती. आत खाकी पुस्तकं एका रेषेत उभी होती. मुख्याध्यापकांनी एक काढायला लावलं, उलटसुलट केलं, कव्हरच्या घडीवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "याला म्हणतात निगा." टिंगी खुर्चीवर बसली होती. पाठ ताठ, हात मांडीवर.

बालवाडीच्या बाई तिच्यासमोर वाकल्या. "सांग बरं बाळा, तुला पुस्तकातलं काय आवडतं?"

बाईंनी परत विचारलं. टिंगीने माझ्याकडे पाहिलं, आणि मग एका सुरात म्हणाली, "हात धुवायचे. सरळ बसायचं. पान ओढायचं नाही. मध्ये बोलायचं नाही. पुस्तक खाली ठेवायचं नाही. वाचून झालं की जागेवर."

बाईंचे डोळे पाणावले. दंतवैद्यांनी टाळ्या वाजवल्या. मुख्याध्यापकांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. बायको उठून स्वयंपाकघरात गेली आणि तिने नळ मोठा सोडला.

पहिला क्रमांक आम्हाला मिळाला. वहिनींना 'पुस्तकांची हेळसांड' म्हणून काहीच नाही. त्यांनी येऊन मनापासून अभिनंदन केलं, तेही मला आवडलं नाही. बक्षीस म्हणून प्रशस्तिपत्र आणि पुस्तकांचा संच होता. त्याला मी त्याच संध्याकाळी कव्हरं घातली. का घातली, विचारू नका. हात आपोआप चालले.

त्यानंतर ते भाषण. बालवाडीच्या सभागृहात सगळे पालक लिहून घेत होते. मी म्हणालो, वाचन म्हणजे संस्कार. मी म्हणालो, मुलं आपल्याकडे बघून शिकतात. पहिल्या रांगेत टिंगी खुर्चीखाली बसून आपल्या चपलेचा पट्टा चर्रकन उघडत होती आणि परत लावत होती. बोलता बोलता माझी नजर तिच्याकडे गेली आणि मला एकदम वाटलं, की हे सगळं इथेच टाकून धप्पकन पडावं. या व्यासपीठावर, सगळ्यांच्या देखत. ती हसेल. तिला उचकी लागेल. पण व्यासपीठावर माइकची वायर होती, समोर पाहुणे होते. मी पाण्याचा घोट घेऊन 'समारोप' म्हणालो.

काल संध्याकाळी बायको कामावरून यायची होती. घरात मी आणि टिंगी दोघंच. उकडत होतं म्हणून बाहेरचं दार उघडं टाकलं होतं. टिंगी आतल्या खोलीच्या उंबऱ्यात चिमटे मांडत होती. मी कपाट उघडलं आणि बदक काढलं. ते आता मला न बघताही सापडतं, सगळ्यांत जाड तेच आहे. सोफ्यावर जाऊन बसलो.

"टिंगे, बदक वाचायचं?"

"नको."

"मी पडतो."

तिने मान वर करून पाहिलं. मी मोठ्याने सुरुवात केली. बदकाने तळ्यात शोधलं, बदकाने गवतात शोधलं. एक हात सोडला की पुस्तक मिटत होतं, म्हणून बघायचं सोडून दिलं. मला तोंडपाठ होतंच. "आणि मग ते बदक," मी म्हणालो, "चिखलात, धप्प..." आणि पडलो. पूर्वीपेक्षा जोरात पडलो, कारण सवय गेली होती. चटई आम्ही परीक्षकांच्या वेळी काढून ठेवली होती, ती परत घातलीच नव्हती. कंबरेत अशी कळ आली की डोळ्यांपुढे काजवे चमकले. तरी मी हललो नाही. डोळे मिटून तसाच पडून राहिलो आणि वाट बघत राहिलो. आता ती 'परत!' म्हणेल.

पावलं वाजली. ती माझ्याजवळ आली, वाकली. मी डोळे किलकिले केले. तिने माझ्या शेजारी पडलेलं पुस्तक उचललं, फ्रॉकला पुसलं, दोन्ही बाजूंनी पुसलं.

"बाबा," ती म्हणाली, "पुस्तक खाली ठेवायचं नाही. सरळ बसायचं."

मग कपाटापर्यंत हात पोचत नाही म्हणून तिने ते सोफ्यावर नीट, कडेला समांतर ठेवलं आणि परत जाऊन चिमटे मांडायला लागली.

जिन्यावर काठी वाजली. मुख्याध्यापक उतरत होते. ते उंबऱ्याशी थबकले. त्यांनी खाली पडलेल्या माझ्याकडे पाहिलं, सोफ्यावरच्या पुस्तकाकडे पाहिलं, टिंगीकडे पाहिलं. बहुधा त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"छान," ते म्हणाले. "मुलीला वळण अगदी छान लावलंत."

कंबरेमुळे मला उठता येत नव्हतं. मी पडल्यापडल्याच "धन्यवाद, सर" म्हणालो.